पान चावून बघ, मग बोल

दादा,

वहिनी विळा घेऊन दारात उभी आहे आणि मला विचारते आहे, "वन्सं, कापू का?"

तू गेलास त्याला आठवडा झाला, सकाळी तुझं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण, पंचशील झालं, चार माणसं तुझ्याबद्दल बरं बोलली, जेवणं उरकली, भाड्याच्या सतरंज्या टेम्पोत चढल्या. आता दुपारचे तीन वाजलेत. घरात मी आणि वहिनी, आणि गोठ्यात दोन म्हशी. आठवडाभर माणसांची ये-जा चालली, त्यात वैरणीकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. कडब्याची शेवटची पेंढी काल संपली. गोठ्यामागं तुझा ज्वारीचा तुकडा आहे. एकदा कापून पुन्हा फुटलेला, गुडघ्याएवढा, आणि इतका हिरवा की लांबून काळाच दिसतो. तो कापून म्हशींना घालायचा का, एवढंच तिला माझ्याकडून हवंय. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. मला दोन्ही म्हणता येत नाही.

मी म्हटलं, "थांब वहिनी, बघून सांगते." आणि तुझ्या खाटेवर बसून, खताच्या दुकानातून तुला फुकट मिळालेल्या वहीत हे लिहायला घेतलं. संध्याकाळच्या धारांच्या आत तिला उत्तर द्यायचंय. त्याआधी तुझ्याशी एक गोष्ट बोलायची आहे. सहा वर्षं ती बोलायची राहिली. वेळ मिळाला नाही, प्रसंग आला नाही, असलं काही मी सांगणार नाही. भीतीनं राहिली.

गावाला तू आठवशील तो तुझ्या पान चावण्यामुळं. कुणाच्याही बांधावरून चालताना तुझा हात आपोआप पिकाकडं जायचा. टोमॅटो असो, हरभरा असो, मेथी असो, एक पान खुडायचं, दातांखाली धरायचं, डोळे बारीक करून जरा थांबायचं, मग थुंकायचं आणि मालकाला सुनवायचं, "नुसतं पानी हाय राव पानात. युरिया आवरा." लोक हसायचे. तू वाटेनं दिसलास की पोरं ओरडायची, "शेळी आली, शेळी!" तूही मान हलवून बें करायचास. आप्पांनी छप्पन साली घरातले देव सोडले आणि गावाबाहेरची ही दोन एकर मुरमाड जमीन कसायला घेतली. पुस्तकं आपल्या घरात माझ्यापासून आली. तुझ्या वाट्याला जी शाळा आली ती अशी जिभेवरची होती, आणि मी तिला मनातल्या मनात अडाणी म्हणायचे. हेही तुला कधी सांगितलं नाही.

मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. नव्वदीची मधली वर्षं. मला टोमॅटोचे चार वाफे दिले होते. एकाला युरिया अजिबात नाही, एकाला थोडा, एकाला शिफारशीइतका आणि चौथ्याला भरमसाट. ठरावीक दिवसांनी पानं खुडायची, खलात वाटायची, गाळायची आणि त्या पाण्यात एक रसायन घालायचं. मग त्याला निळा रंग चढायचा. तू वहिनीच्या हातचा डबा घेऊन आलास आणि बाहेर चपला काढून प्रयोगशाळेत शिरलास. चार नळ्या ओळीनं उभ्या होत्या. पहिली शाईसारखी, मग उतरत उतरत चौथीत नावाला निळसर.

"हे निळं काय गं, सुने?"

"पानातलं औषध म्हण. पान स्वतःच बनवतं. किडीनं खाऊ नये, रोग पडू नये म्हणून. रंग जितका गडद तितकं औषध जास्त."

"मग हिच्यात का काय दिसंना?"

"तिला युरिया जास्त झालाय. झाड नुसतं वाढत सुटतं. वाढण्यातच सगळी कमाई जाते, राखणीला काही उरत नाही."

तू चौथी नळी उजेडात धरलीस, फिरवून बघितलीस आणि मोठ्यानं हसलास. "ह्ये तर मला म्हाईत व्हतं की. तुरट-कडू पान ऱ्हायलं तर कीड लांब. पान गुळमाट झालं की आळी आलीच. चार वर्सं शिकून तू हितवर आलीस व्हय?"

मला राग आला. बरोबरीच्या पोरी ऐकत होत्या. मी म्हटलं, जिभेला प्रमाण कळत नाही, बाटलीला कळतं. तू म्हणालास, "आसंल. पर आधी पान चावून बघ, मग बोल." तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते सणावाराला, लग्नकार्यात, कुणाच्या मयतीला भेटलो तरी चालूच. जीभ खरी की बाटली खरी. त्या चौथ्या वाफ्यावर पुढं पांढरी माशी अशी बसली की पान हलवलं तर धूर उठल्यासारखं व्हायचं. ते मी तुला पत्रानं कळवलं नाही. तू म्हणाला असतास, बघ.

गावाला मात्र गडद पीकच आवडायचं. पिकाला काळोखी आली की माणसं खूश. तुझे टोमॅटो फिकट दिसायचे म्हणून तुला टोमणे मारायचे. तू म्हणायचास, "काळं म्हंजी तालेवार न्हवं, माजल्यालं हाय ते." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटायचं. आता काळोखी आलेलं पीक मला बघवत नाही. नारायणगावच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना बागा आणि फडच आहेत, आणि मी जीपमध्ये मधल्या सीटवर बसते, खिडकी नको म्हणते. लोकांना वाटतं मला वारा लागतो.

पुढं मला नारायणगावलाच एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. द्राक्षवाले पानांचे देठ पिशवीतून घेऊन येतात, आम्ही तपासून देतो. तू बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवलेस की तसाच, मातीच्या पायांनी, दुकानदारांना दाखवत फिरायचास, "ही आमची धाकटी बहीन. पानांची डाक्तर." मी लाजेनं मरायचे. पण दादा, त्या नावाचा मला गर्वही चढला होता. कुणी काही विचारलं की माझ्याकडं उत्तर तयार असायचं, प्रश्न संपायच्या आत.

आणि मग सहा वर्षांपूर्वीचं ते साल आलं.

पावसानं सुरुवात केली आणि दीड महिना तोंड फिरवलं. वैरणीची ज्वारी गुडघ्याशी येऊन खुंटली, पानं वळून सुया झाल्या. अशी अडकलेली कोवळी ज्वारी जनावराला बाधते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फुलोऱ्यात येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. तूही लावला नसतास. पण कडबा संपत आला होता आणि जनावरं रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून बघत होती. तू विचार करायला लागलास. तुझ्या डोक्यात त्या चार नळ्या होत्या. युरियानं पानातलं औषध पातळ होतं, हे तू जिभेनं जाणत होतास आणि माझ्या बाटलीनं त्यावर शिक्का मारला होता. मग ज्वारीतलं विषही तर पानातलंच. हलकासा पाऊस झाला होता, त्यावर युरिया फेकला तर विष लवकर उतरेल, महिनाभर थांबायला नको. किती सरळ हिशेब होता तुझा! दुसऱ्या कुणाला हा विचार सुचलाच नसता. मी तुला अर्धीच गोष्ट शिकवली होती, म्हणून तो तुला सुचला.

तू मला नारायणगावच्या स्टँडबाहेर गाठलंस. माझा एक पाय जीपमध्ये होता.

"सुने, येक इचारायचं व्हतं. युरिया दिला की पानातलं औषध पातळ व्हतं न्हवं?"

"होतं."

"मग ज्वारीतलं इख पन पातळ व्हत आसंल?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आत एकच जागा उरली होती. मी म्हटलं, "हो रे, पान ते पानच."

आणि बसले. पुढची जीप दहा मिनिटांनी होती, दादा. मला कुठं आगीच्या बंबासारखं पोचायचं नव्हतं. खोलीवर जाऊन मी त्या दिवशी कपडे धुतले.

मला ते माहीत नव्हतं असंही नाही. परीक्षेला त्यावर एक टीप असायची, मी ती पाठ करून लिहिली होती आणि विसरले होते. टोमॅटोच्या पानातलं ते तुरट औषध झाड हवेतून आणि उन्हातून मिळालेल्या ऐवजातून बनवतं. युरिया मिळाला की झाड वाढीला लागतं आणि ती राखण ढिली पडते. ज्वारीचं उलट आहे. तिच्या कोवळ्या पानातलं विष नत्रापासूनच बनतं. युरिया हा त्याचा कच्चा माल आहे. आधीच पाण्याच्या ताणानं ती विषानं भरलेली, त्यावर तू ओंजळी-ओंजळीनं आणखी घातलंस, आणि ते घालायला मी हो म्हटलं.

युरिया टाकल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी मी सुट्टीला घरी आले होते. बेल्ह्याचा बाजार होता म्हणून गाव रिकामं होतं. सकाळी तू पहिल्यांदाच ती ज्वारी कापलीस. ती काळीशार झाली होती, बघून वहिनीसुद्धा हरखली. रामभाऊंकडची वैरणही संपली होती. आपल्या बांधाला त्यांचा बांध लागून, पिढ्यान्‌पिढ्यांची बागायत त्यांची, आणि गावातल्या जुन्या घरांपैकी तेवढाच एक माणूस आपल्या ओट्यावर बसून आपल्या घरचा चहा घ्यायचा. तू त्यांच्या बैलांसाठी दोन भारे आपण होऊन नेऊन टाकलेस.

मी दात घासत होते. कालवडीचा आवाज आला, हंबरणं नव्हे, घशातून ओढल्यासारखा. गोठ्यात गेले तर ती पाय फाकवून उभी होती, अंग थरथरत होतं, तोंडाला फेस. बघता बघता आडवी झाली. शेजारी गायीनं मान टाकायला सुरुवात केली होती, पलीकडं म्हैस गुडघ्यांवर आली होती. मी कालवडीचा ओठ वर केला. हिरड्या लालभडक होत्या, आजारी जनावराच्या कधी नसतात तशा. त्या लाल रंगाबरोबर परीक्षेची ती टीप माझ्यासमोर जशीच्या तशी उभी राहिली. अक्षरसुद्धा माझंच.

दादा, मी किंचाळले ते कालवडीसाठी नाही. रामभाऊंचे बैल, असं मी ओरडले. तू हातातली पाटी टाकलीस आणि बांधावरून धावत सुटलास. तुला तसं धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

जनावरांचे डॉक्टर बेल्ह्याच्या बाजारात बसतात हे माहीत होतं. एका भावकीतल्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून मी गेले. रस्ताभर समोरून व्यापाऱ्यांचे टेम्पो येत होते, गायी-बैलांनी भरलेले, आणि मला प्रत्येक जनावर पडलेलं दिसत होतं. डॉक्टरांकडं इंजेक्शनं होती ती एकाला पुरतील इतकीच. ते पेटी उचलत म्हणाले, "फोटोवाल्याकडं हायपो असतं, फोटो धुवायचं. ते आणा. पाण्यातून पाजू." मी स्टुडिओत शिरले तेव्हा आत लाल दिवा लागला होता आणि मालक आतून म्हणत होता, दार उघडू नका, फोटो जातील. मी दार उघडलं. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो माझ्यामुळं गेले असतील. त्या माणसानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता डबाच हातात दिला.

आम्ही पोचेपर्यंत गाय आणि कालवड गेल्या होत्या. बांबूच्या नळीनं आपण ते पाणी म्हशीला पाजलं, मग रामभाऊंच्या बैलाला. दुसऱ्या बैलानं सुदैवानं भाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. म्हैस उठली. बैल मात्र उठेना. डॉक्टर त्याच्या शिरेत सुई लावून बसले होते आणि रामभाऊंच्या अंगणात माणसं गोळा व्हायला लागली होती. कुणी तरी मागून हलक्या आवाजात विचारलं, "वैरन कुनाच्या घरची व्हती?"

एवढंच. कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पण आपलं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे, हे मला त्या चार शब्दांनी लख्ख आठवलं. बैल मेला असता तर काय झालं असतं, ते मी आजही पूर्ण मनात आणू शकत नाही. विचार तिथवर जातो आणि मागं फिरतो.

तू टोपी काढलीस. सगळ्यांसमोर म्हणालास, "चूक माज्या हातनं झाली. मला वाटलं, युरियानं इख मरतं. माजंच डोकं. दुसऱ्या कुनाचा काय संबंद न्हाई."

दुसऱ्या कुणाचा. मी तुझ्या मागं तीन हातांवर हायपोची बादली घेऊन उभी होते. मी पुढं येऊन म्हणायला हवं होतं, याला मी सांगितलं, मी शिकलेली आहे, विचारून केलंय त्यानं. बादलीची कडी माझ्या बोटात रुतत होती. मी तोंड उघडलं नाही.

बैल तासाभरानं उभा राहिला. रामभाऊ म्हणाले, "ऱ्हायला न्हवं उभा, मग झालं," आणि घरात गेले. तुझी गाय आणि कालवड आपण ओढ्याकाठी पुरली. रामभाऊ मात्र पुढं कितीतरी महिने आपल्या ओट्यावर आले नाहीत. तू रोज सकाळी त्यांच्या वाट्याचा चहा जास्त टाकायला लावायचास आणि मग तो थंड झालेला स्वतः प्यायचास.

मी त्या दिवसापासून घाबरट झाले, दादा. प्रयोगशाळेत कुणीही काही विचारलं, अगदी देठ कुठून तोडायचा एवढं जरी विचारलं, तरी मी म्हणते, बघून सांगते. माझं नावच पडलंय, बघून-सांगते बाई. लोकांना वाटतं मी मोठी काटेकोर आहे. मी काटेकोर नाही. माझ्या एका 'हो'मुळं दोन जनावरं गेली आणि माझ्या भावानं भर अंगणात टोपी काढली, त्याची ती दहशत आहे.

आणखी एक चोरी सांगते. कागदाच्या पिवळ्या पट्ट्या असतात. कोवळी ज्वारी चुरून बाटलीत घालायची, वर ती पट्टी लटकवून बूच लावायचं. विष असेल तर पट्टी विटेसारखी लाल होते. सहा वर्षं मी प्रत्येक खेपेला पर्समध्ये त्या पट्ट्या घेऊन आले. तू बाजारला गेलास की गोठ्यामागं जाऊन, जॅमच्या रिकाम्या बाटलीत तुझी ज्वारी तपासायचे, आणि पट्टी पिवळी राहिली की मग मला जेवण जायचं. तुला सांगितलं असतं तर त्याआधीचंही सांगावं लागलं असतं.

तू पानं चावणं बंद केलंस. तेही मी बघितलं. बांधावरून चालताना तुझा हात पिकाकडं जायचा आणि अर्ध्यावरून परत यायचा. मी एकदा विचारलंही, का रे, शेळीनं चारा सोडला? तू म्हणालास, "दात दुखत्यात." तुझे दात चांगले होते. जीभ खोटी आणि बाटली खरी, असं तू मानून घेतलंस, असं मला वाटलं. भांडण मी जिंकले होते आणि मला ते जिंकायचं नव्हतं. स्टँडवर मी काय बोलले ते तुला आठवतंय आणि तू झाकून घेतोस, की खरंच विसरलास, हे मला तुझ्या तोंडाकडं बघून कधी कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

मागच्या आठवड्यात तू लेकीकडं घोडेगावला गेलास. एस.टी.तून उतरलास, स्टँडवरच्या बाकावर टेकलास, आणि टेकलेलाच राहिलास. फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तेही तुझ्यापासून आता लपवत नाही. दादा गेला, हे नंतर आलं. पहिलं आलं ते हे, की आता सांगायचं कुणाला?

आणि तुझ्या मातीला येताना कोण पर्समध्ये पट्ट्या टाकतं? या खेपेला त्या नाहीत. नेमकं या खेपेलाच कुणी तरी मला विचारतंय, कापू का.

आत्ता वहिनी चहा घेऊन आली. वही झाकली. मी तिला विचारलं, "दादानं यात युरिया टाकला होता का गं?" तूच सांगू शकला असतास असा हा एकच प्रश्न दुपारपासून माझ्या डोक्यात घणासारखा बसतोय.

"युरिया? त्या सालापास्नं वैरनीला दाना न्हाई टाकला त्यांनी."

मला जरा श्वास आला. मी म्हटलं, "मग ही एवढी काळी कशानं झाली?"

"गोठ्याची नाली तिकडं वळवलीया न्हवं. घोडेगावला जायच्या आधी पंधरा दीस. सगळं मूत-पानी तिकडंच जातंय."

श्वास गेला. ज्वारीला युरियाचं पोतं आणि गोठा यातला फरक कळत नाही, दादा. मुळाशी नत्र आलं एवढंच तिला कळतं. वर पंधरवडाभर पाऊस नाही, आणि कापून फुटलेला कोवळा फुटवा. तू नाली वळवताना हे तुझ्या ध्यानात आलं नसेल का? मी हे मोठ्यानंच बोलले असणार.

वहिनी म्हणाली, "त्यांच्या ध्यानात व्हतं. जाताना मला बजावून गेल्यात. म्हनले, मी यायच्या आत कडबा सपला तर सुनीला फोन लाव. तिला इचारल्याबिगर ह्याला इळा लावायचा न्हाई."

"मला? मलाच का?" माझा आवाज चढला. "वहिनी, तुला माहीत नाही. त्या वेळी..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. कपाचा कान पदरानं पुसत बसली जरा वेळ. "त्या दिशी कापायच्या आधी त्यांनी पान चावलं व्हतं, वन्सं. मी तितंच व्हते. थुकले, तोंड वाकडं केलं. म्हनले, कडू लागतंय गं. मी म्हनलं, मग ऱ्हाऊ द्या. तर म्हनले, न्हाई, सुनी म्हनलीया. तिनं येवडं शिकून सांगितलंय. माज्या जिभंला काय कळतंय."

मी तिच्या हातातला कप घेतला.

"तुमाला सांगू दिलं न्हाई त्यांनी. म्हनायचे, तिला कळलं तर ती भ्यायची, पुन्यांदा कुनाला काय सांगायचीच न्हाई. तुमच्या त्या बाटल्या पन बघितल्या व्हत्या त्यांनी गोठ्यामागं. धुऊन ठिवायचे. मला म्हनले, आता ती घाईनं बोलत न्हाई. आता तिला इचारायला हरकत न्हाई."

जॅमच्या बाटल्या दर खेपेला मला जागेवर, स्वच्छ मिळायच्या. मला वाटायचं, पावसानं धुतल्या जातात.

दादा, तुझी जीभ बरोबर होती. ती तुला सांगत होती आणि तू माझं ऐकलंस. आणि त्यानंतर तू पान चावणं सोडलंस, ते जिभेवरचा विश्वास गेला म्हणून नव्हे. तू माझ्यासमोर चावलं असतंस तर कधी तरी तोंडातून निघालं असतं, त्या दिवशी कडू लागलं होतं म्हणून. मला वाचवायला तू तुझी शाळाच बंद केलीस. मी इकडं तुझ्या नजरेला घाबरत होते आणि तू तिकडं माझ्या भीतीला जपत होतास. एका घरात जेवायला बसून दोघांनी सहा वर्षं असं काढावं, याला काय म्हणावं मला कळत नाही. तुझा मला राग येतो. एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर.

ऊन उतरलं तशा आम्ही दोघी गोठ्यामागं गेलो. वहिनी बांधावर थांबली, विळा पदराखाली. मी तुकड्यात शिरले. ओल्या मातीचा आणि गोमूत्राचा वास येत होता, आणि ती काळी हिरवी पानं गुडघ्याला लागत होती. मला परत फिरावंसं वाटलं, खरंच सांगते. कोवळा पोंगा, मधल्या न उलगडलेल्या पानांची सुरळी, खुडला. आयुष्यात पहिल्यांदा, तू केलं असतंस तसा, दातांखाली धरला. आधी नुसतं गवत लागलं. मग गुळमट पाणी. मी थांबले. तू थांबायचास तेवढी थांबले. मग जिभेच्या मुळाशी ते आलं, आणि मी थुंकले, पुन्हा थुंकले, तोंड धुतलं.

वहिनी म्हणाली, "काय म्हनता?"

मी म्हटलं, "कापायची नाही. फुलोऱ्यात येईपर्यंत याला हात लावायचा नाही. नाली आजच दुसरीकडं वळवू. मी पट्ट्या घेऊन परत येते, बघते, मग सांगते."

"बरं," ती म्हणाली आणि विळा छपराला अडकवून आली. तिला म्हशींची काळजी होती, पण ओट्याशी उसाच्या वाढ्यांचे, शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, दोन भारे टाकलेले दिसले. रामभाऊ माणसांच्या गर्दीत येऊन ते टाकून गेले होते, कुणाला न सांगता. आज त्यांनी चहाही घेतला होता म्हणे, मी आत होते. म्हशी आता खाताहेत. त्यांच्या चघळण्याचा आवाज इथं खाटेपर्यंत येतोय, आणि तरी मी मधूनमधून उठून त्यांच्या तोंडाला फेस नाही ना ते बघून येते. भीती गेलेली नाही, दादा. ती जाईल असं वाटत नाही.

चूळ भरून तास झाला तरी तोंडात ती चव आहे. कडू आहे, दादा. त्या दिवशीही कडूच होतं. तुला बरोबर कळलं होतं, चूक माझी होती.